पोटमाळ्याचे उष्णतारोधन

ब्रिटनमधील जुन्या रांगघरांत, म्हणजे सामाईक भिंतींनी एकमेकांस जोडलेल्या घरांत, छपराखालील पोटमाळ्याच्या तळावर रोधक द्रव्य पसरून उष्णतेचा ऱ्हास रोखण्याची पद्धती. व्हिक्टोरियन काळात बांधलेल्या अशा घरांच्या पाटीच्या दगडांच्या छपरांखाली रोधक थर नसे. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनबचतीस महत्त्व आले आणि १९७८ च्या कायद्याने या कामासाठी अनुदानाची तरतूद झाली.

खनिज लोकरीचा (वितळलेल्या खडकाच्या वा काचेच्या तंतूंचा) सु. १०० मिमी. जाडीचा पहिला थर तुळयांच्या मधे व सु. १७० मिमी.चा दुसरा थर तुळयांवर आडवा अंथरतात. तंतूंत अडकलेली हवा उष्णतेचे वहन रोखते, म्हणून लोकर दाबून बसवीत नाहीत. रोधनामुळे पोटमाळा अधिक थंड होऊन खालून आलेल्या हवेतील बाष्प छपराच्या लाकडांवर दवरूपाने साचते व लाकूड कुजू शकते. यासाठी वळचणीशी वायुवीजनाची फट मोकळी ठेवतात व माळ्याच्या झडपेच्या कडा हवाबंद करतात; तसेच थंड माळ्यात पाणी गोठू नये म्हणून पाण्याच्या नळांना व टाकीला रोधक वेष्टन घालतात.

रोधनरहित घरातील सु. एकचतुर्थांश उष्णता छपरावाटे जात असल्याने इंधनबचत व कार्बन उत्सर्जनातील घट या दृष्टींनी ही पद्धती महत्त्वाची आहे. (पहा : उष्णता संक्रमण, वायुवीजन).