माळ, कायदा आणि बैठक

वालचंद हिराचंद यांनी 1930च्या दशकात कळंबच्या माळरानावर साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. साखरेमागून मळी येते, मळीतून मद्यार्क. अशा ऊसपट्ट्यात दारूचा दोष एकट्या पिणाऱ्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्याने बाटली रोखू पाहिली, पण सुटू पाहणाऱ्याला सोबत दिली नाही. ती सोबत अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी 1935मध्ये दोन मद्यपींच्या भेटीतून जन्मली. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही त्यातूनच उभी राहिलेली, नाव गुप्त ठेवून बैठकांत एकमेकांना सावरणाऱ्यांची संघटना 1957मध्ये भारतात आली. पुण्यात 1986मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले आणि तिथे व्यसनातून बाहेर पडलेलेच इतरांचा आधार झाले.

एकमेकांना सावरण्याची ही रीत परकी आहे, असे कुणी म्हणेल. पण याच ऊसपट्ट्यातून तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते. माळ घातलेला वारकरी दारू सोडतो आणि दिंडी त्याला सांभाळते. दुसरा आक्षेप अधिक खरा: सगळे एकमेकांना ओळखणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीत नाव गुप्त कसे राहणार? तिथे गुप्ततेचा अर्थ ऐकलेले बाहेर न नेण्याचा शब्द एवढाच उरतो, आणि तो पाळता येतो. तरीही संकोच वाटलाच, तर शेजारच्या गावची बैठक शोधावी.