आधी ताट पाहा : कमी कर्बोदकांच्या आहाराच्या अभ्यासाची प्रस्तावना

भात सोडा, पोळी अर्धी करा, साखर बंद करा म्हणजे वजन उतरेल, हा सल्ला आता लग्नाच्या पंगतीत मिळतो, लोकलच्या डब्यात मिळतो आणि दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाकडूनही मिळतो. देणाऱ्याचा विश्वास पक्का असतो आणि ऐकणाऱ्याची गरज खरी असते. जिना चढताना ज्याचे गुडघे कुरकुरतात, ज्याच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या हद्दीवर येऊन ठेपली आहे, त्याला उत्तर आजच हवे असते. त्या गरजेची जाण ठेवूनच या विषयाकडे वळायला हवे. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत इथे भरपूर काम झाले आहे आणि काही प्रश्न बऱ्यापैकी सुटलेही आहेत. आपल्या कानावर मात्र बहुतेक वेळा टोकाचे निकालच येतात : कुणाच्या मते कर्बोदके विष आहेत, कुणाच्या मते ती सोडणे हे खूळ आहे. नव्याने अभ्यासाला लागणाऱ्याने या दोन्ही निकालांच्या मधला ऐवज उघडून पाहावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात लंडनपासून करतो. विल्यम बँटिंग हे अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणारे प्रतिष्ठित गृहस्थ होते. राजघराण्याचे कामही त्यांच्या घराण्याकडे असे. 1862 च्या ऑगस्टमध्ये त्यांचे वय पासष्टीच्या घरात, उंची 5 फूट 5 इंच आणि वजन 202 पौंड, म्हणजे जवळजवळ 92 किलो. बुटाची नाडी बांधायला वाकता येत नसे. जिना उतरताना गुडघ्यांवर आणि घोट्यांवर ताण येऊ नये म्हणून ते पाठमोरे, एकेक पायरी उतरत. एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी सकाळी नाव वल्हवण्याचा व्यायाम केला, तर अंगात ताकद आली आणि तिच्याबरोबर भूकही वाढली. पुढे ऐकू कमी येऊ लागले म्हणून ते विल्यम हार्वी या कानाच्या शल्यविशारदांकडे गेले. हार्वी यांनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची व्याख्याने ऐकली होती. यकृत स्वतः साखर तयार करते हे बर्नार यांचे संशोधन तेव्हा नवे होते. त्यावरून धागा पकडून हार्वी यांनी या रुग्णाचे पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. साधारण वर्षभरात वजन 20 किलोंच्या आसपास उतरले. बँटिंग यांनी 1863 मध्ये ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ ही पुस्तिका स्वखर्चाने छापली आणि सुरुवातीच्या प्रती लोकांना फुकट वाटल्या.

ही हकिगत बहुतेक पुस्तकांत यशकथा म्हणून येते. अभ्यासकाने ती जरा थांबून वाचावी. बंद केलेल्या पदार्थांत लोणीही आहे, आणि लोण्यात कर्बोदके जवळजवळ नसतातच. नव्या आहारातले मांस-मासे औंसांत मोजून दिलेले होते आणि टोस्टही जेमतेम एक औंस. म्हणजे कर्बोदके घटली आणि एकूण खाणेही घटले. वजन नेमके कशाने उतरले? हा प्रश्न त्या पुस्तिकेतच दडलेला होता, आणि पुढचे बरेचसे संशोधन त्याच्याभोवतीच फिरले आहे.

मधल्या काळात या आहाराचे काम मुख्यतः रुग्णालयांत चालले. इन्शुलिन हाती येण्याआधी, म्हणजे 1922 पूर्वी, मधुमेहाच्या रुग्णाला जगवण्यासाठी डॉक्टरांकडे कर्बोदके कमी करण्यापलीकडे फारसे काही नव्हते. अमेरिकेतल्या फ्रेडरिक ॲलन यांचा आहार तर उपासमारीच्या जवळ जाणारा होता. 1921 मध्ये मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी भरपूर स्निग्ध पदार्थांचा आणि अत्यल्प कर्बोदकांचा आहार सुचवला आणि त्याला ‘कीटोजेनिक’ हे नाव दिले. औषधांना न जुमानणाऱ्या फिट्स येणाऱ्या मुलांसाठी तो आजही वापरतात, पण आहारतज्ज्ञांच्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आज ज्याला सहजपणे ‘कीटो’ म्हणतात त्याची जन्मकथा ही आहे. तो औषधासारखा देण्यासाठी घडवलेला आहार आहे हे विसरून चालणार नाही. 1972 मध्ये रॉबर्ट ॲटकिन्स यांचे पुस्तक आले आणि विषय रुग्णालयातून घराघरांत पोचला.

शरीरात काय घडते ते थोडक्यात सांगायला हवे, कारण पहिल्याच आठवड्यात माणसाची दिशाभूल होते. खाल्लेल्या कर्बोदकांतली काही साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. प्रौढ माणसात हा साठा सुमारे अर्धा किलो असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी असते. कर्बोदके एकदम कमी केली की साठा संपत जातो आणि पाणी बाहेर पडते. चार-पाच दिवसांत काटा दोन किलोंनी खाली येतो, माणूस हरखतो, शेजाऱ्यांना सांगतो. त्यातली चरबी थोडीच असते. पुढे एका लग्नात दोन दिवस नेहमीसारखे जेवण झाले की पाणी परत येते, आणि तोच माणूस ‘सगळे वाया गेले’ म्हणून प्रयोग सोडतो. पहिली उडी जितकी फसवी तितकीच ही घसरणही फसवी असते. कर्बोदके दिवसाला साधारण 20 ते 50 ग्रॅमच्या आत आली की यकृत चरबीपासून कीटोन तयार करू लागते आणि मेंदूही ते इंधन म्हणून वापरतो. अनेकांची भूक या अवस्थेत मंदावते. वजन उतरण्यात या मंद भुकेचा आणि वाढलेल्या प्रथिनांचा वाटा मोठा असावा, असे माझे मत आहे.

आता चाचण्यांकडे. 2003 मध्ये गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी ॲटकिन्स आहाराची कमी स्निग्धांशाच्या आहाराशी तुलना केली. सहा महिन्यांनी ॲटकिन्स गट पुढे होता, वर्षाअखेरीस फरक नगण्य झाला. पुढच्या अनेक चाचण्यांत हीच चाल दिसते. 2008 मध्ये इस्राएलमधल्या दिमोना इथला दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका संशोधन केंद्राच्या कर्मचाऱ्यांसह 322 जणांवर झालेल्या या अभ्यासात कमी स्निग्धांशाच्या गटाचे वजन सरासरी 2.9 किलो, भूमध्यसागरी आहाराच्या गटाचे 4.4 किलो आणि कमी कर्बोदकांच्या गटाचे 4.7 किलो उतरले. 2018 मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्टोफर गार्डनर यांच्या गटाने 609 प्रौढांचा वर्षभर पाठपुरावा केला. कमी स्निग्धांशाच्या गटात घट 5.3 किलो, कमी कर्बोदकांच्या गटात 6 किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. जनुकांवरून किंवा इन्शुलिनच्या स्रावावरून कोणाला कोणता आहार मानवेल हे सांगता येईल, ही आशाही तिथे फळाला आली नाही.

या शेवटच्या अभ्यासावर मी विद्यार्थ्यांना नेहमी थांबवतो. सरासरी सहा किलोंच्या आड काय लपले आहे ते पाहा. दोन्ही गटांत 25 किलोंहून अधिक वजन उतरवलेली माणसे होती, आणि वजन वाढलेलीही होती. शिवाय दोन्ही गटांना समान सूचना होत्या : साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी शिजवा. कॅलरी मोजायला कोणालाच सांगितले नव्हते. ‘लो-कार्ब जिंकला का’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती या अभ्यासातून बरोबरीचा सामना लागतो. काय सोडले, त्याच्या जागी काय आले आणि किती काळ टिकले, हे विचारणाऱ्याला मात्र खूप काही सापडते. या क्षेत्राचा गाभा माझ्या मते या तीन प्रश्नांत आहे.

आणि इथेच आपले ताट समोर घ्यावे लागते. दुपारचे साधे जेवण धरा : तीन पोळ्या, एक वाटी भात, वरण, बटाट्याची भाजी. एका पोळीला 30 ग्रॅम कणीक धरली तर तीन पोळ्यांची कर्बोदके सुमारे 60 ग्रॅम. वाटीभर भाताची 40, वरणाची 15, भाजीची आणखी 15 ते 20. बेरीज 130 च्या आसपास जाते. अनेक अभ्यासांत दिवसाला 130 ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे ‘कमी कर्बोदके’ अशी व्याख्या असते. आपला दिवसभराचा हिशेब दुपारीच संपला. सकाळचे पोहे, चारचा चहा-बिस्किट आणि रात्रीचे जेवण अजून धरायचेच आहे. पोळीऐवजी भाकरी केली म्हणून हे गणित फारसे बदलत नाही. मध्यम भाकरीला 60-70 ग्रॅम ज्वारीचे पीठ लागते आणि त्यात 40 ग्रॅमहून जास्त कर्बोदके येतात. भाकरीचे तंतू, तिने पोट भरणे, हे तिचे गुण खरेच आहेत, पण तेवढ्याने ती कमी कर्बोदकांची होत नाही. उपासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यातली प्रथिने येतात ती शेंगदाण्याच्या कुटामुळे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्याकडे एकूण ऊर्जेपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येते. त्याच अभ्यासातल्या 18,090 प्रौढांच्या माहितीवरून 2022 मध्ये एक गणिती अंदाज मांडला गेला : नव्याने मधुमेह झालेल्यांनी कर्बोदके 49 ते 54 टक्क्यांवर आणावीत आणि प्रथिने 20 टक्क्यांच्या जवळ न्यावीत, तर रोग मागे हटण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतला सर्वसामान्य माणूस साधारण 50 टक्क्यांच्या आसपासच असतो. तिथे जो नेहमीचा आहार, तो आपल्याकडे घटवलेला आहार ठरतो. म्हणून तिथल्या चाचण्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलून इथे लावणे हा या विषयातला सर्वांत महागात पडणारा घोटाळा आहे. 101 दशलक्ष, म्हणजे 10 कोटींहून अधिक मधुमेही असलेल्या देशाला तो परवडणारा नाही.

वजनाचा काटाही आपल्याकडे अर्धेच सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. शरीरातील चरबी मात्र याज्ञिक यांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी कशी लपते हे त्या एका चित्राने जगाला दाखवले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून याज्ञिक यांच्या गटाने गर्भवती आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यातून ही ठेवण जन्मापासूनच दिसते हे पुढे आले. त्यामुळे कमरेचा घेर हे माप मला वजनाइतकेच महत्त्वाचे वाटते.

महाराष्ट्रात हा विषय बोलायचा तर श्रीकांत जिचकार आणि जगन्नाथ दीक्षित यांची नावे येणारच. दिवसातून दोनदाच आणि 55 मिनिटांत जेवण, हा दीक्षित यांचा आग्रह लाखो घरांत पोचला. अभ्यासकाने एवढे लक्षात घ्यावे की तो मुख्यतः खाण्याच्या वेळा मोजतो. दोन्ही वेळा भातच खाल्ला तर कर्बोदकांचे प्रमाण तेच राहते. खाण्याच्या वेळा आणि कर्बोदकांचे प्रमाण हे दोन्ही प्रश्न इन्शुलिनपाशी भेटतात, तरी त्यांची तपासणी स्वतंत्र व्हायला हवी. आणखी मागे गेलो तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसासाठी पचायला जड पण पोषणाला हलके अन्न सांगितले आहे, आणि त्यात जव, मूग, कुळीथ, ताक ही नावे येतात. धान्य पुरते वर्ज्य करण्याचा विचार तिथे नाही. धान्य कोणते आणि सोबत डाळ किती, याचा आहे.

शाकाहारी वाचक इथे हमखास विचारतो : पोळी काढली तर खायचे काय? टोरंटोचे डेव्हिड जेनकिन्स यांनी 2009 मध्ये निव्वळ वनस्पतिजन्य, 26 टक्के कर्बोदकांचा आहार तपासला. सोया, गव्हातले प्रथिन, सुकामेवा आणि भाज्या यांवर तो बेतलेला होता. चार आठवड्यांत वजन तुलनेच्या गटाइतकेच, सुमारे 4 किलो उतरले. एलडीएल कोलेस्टेरॉल मात्र अधिक घटले. वाट आहे, पण आपल्या स्वयंपाकघरात ती मूग-मटकीची उसळ, पनीर, चालत असल्यास अंडी, शेंगदाणे, दही आणि ताटाचा अर्धा भाग भाजी अशी बसवावी लागेल. ज्वारी-बाजरी आणि कडधान्यांच्या ताटावर वर्ष-दोन वर्षे चाललेल्या चाचण्या अजून फार थोड्या आहेत. या अभ्यासात येणाऱ्या तरुण डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना इथे मोकळे रान आहे. त्यांनी घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सोबत घ्यावे, कारण पिठाचे आणि तेलाचे खरे माप तिलाच ठाऊक असते.

ज्यांना वाचता वाचता स्वतः करून पाहायचे आहे त्यांनी बदलाआधी आठवडाभर आपण काय आणि किती खातो हे लिहून काढावे, कमरेचा घेर मोजावा, एचबीएवनसी आणि कोलेस्टेरॉल तपासून ठेवावे, आणि पहिल्या पंधरवड्याच्या वजनावरून कसलाही निकाल काढू नये. काहींचे एलडीएल या आहारात चांगलेच वाढते, म्हणून तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने सुरू करू नये. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर भात-पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटावे. औषधाची मात्रा तीच ठेवून जेवण घटवले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातल्या गोळ्या घेणाऱ्यांना निराळा धोका आहे. अत्यल्प कर्बोदकांबरोबर त्या घेतल्या तर ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नसतानाही रक्तात कीटोन आणि आम्ल साठू शकते. अशा वेळी मळमळ, उलटी, पोटदुखी किंवा धाप सुरू झाली तर यंत्रावरच्या आकड्याची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.