साद आणि सोंग

मारीचाच्या कथेत फसवणुकीच्या दोन तऱ्हा आहेत, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. सुवर्णमृगाचे रूप ही पहिली, आणि मरतेसमयी रामाच्या आवाजात मारलेली हाक ही दुसरी. रूपामुळे राम आश्रमापासून दूर गेला. हाकेमुळे लक्ष्मणाला जावे लागले. विशेष हे की, लक्ष्मणाला रूपाचाही संशय आला होता आणि हाकेचाही. तरीही कपट सिद्धीस गेले, कारण सीतेला ते मृग हवे होते आणि पुढे तिच्या मनाला रामाची चिंता लागली होती. पारध्यांच्या विद्येत जो एक जुना वाद आहे, तो या कथेत बीजरूपाने सापडतो. सावज बोलावण्यासाठी घातलेल्या सादेला सोंगाची जोड दिली, तर काम सुकर होते की बिघडते?

हा वाद आज विशेष रंगतो तो अमेरिकेतील कायोटीच्या शिकारीसंबंधी. कोणी म्हणेल, दप्तरात बसून टिपणे लिहिणाऱ्या आम्हां कारकुनांस कायोटीशी काय कर्तव्य? परंतु दिल्लीत हिवाळ्याच्या रात्री रिजच्या बाजूने येणारी कोल्हेकुई ज्यांनी ऐकली आहे, त्यांस हा प्राणी अगदीच परका वाटू नये. कायोटी आपल्या कोल्ह्याचा जवळचा आप्त आहे. अंगाने थोडा मोठा, स्वभावाने तितकाच धूर्त आणि रात्री गळा काढण्यात तितकाच तत्पर. मेक्सिकोच्या नाहुआ लोकांच्या भाषेतील 'कोयोत्ल' या शब्दावरून त्याचे नाव आले. 1823 साली थॉमस से या अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला 'भुंकणारा श्वान' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. त्याच्या फार पूर्वीपासून तेथील आदिवासींच्या कथांत कायोटी वावरत होता. आपल्या पंचतंत्रातील कोल्ह्याप्रमाणे तो इतरांना फसवतो, पुष्कळदा स्वतःही फसतो, आणि तरी पुढच्या कथेत पुन्हा हजर असतो.

या प्राण्याला बोलावण्याची रीत साधी आहे. सशाला कोणी धरले की तो केविलवाणा आक्रोश करतो. शिकारी झुडपाआड बसून एका लहानशा फुंकणीने तो आक्रोश काढतो. कायोटीला वाटते, कोणाचे तरी भक्ष्य आयतेच पडले आहे; आणि तो येतो. 1950 नंतरच्या दशकात टेक्सासकडे ही विद्या व्यापाराला लागली. हातफुंकणीच्या मागोमाग ध्वनिमुद्रिका आल्या आणि आता दुरून कळ दाबताच बोलणारी विजेरीवरची यंत्रे आली आहेत. यंत्र एकीकडे आणि शिकारी दुसरीकडे, अशी सोय झाल्यावर यंत्राशेजारी काहीतरी दिसावे, ही कल्पना सुचणे ओघानेच आले. तारेच्या टोकाला थरथरणारा केसाळ गोंडा, दोरीला बांधलेले पीस, कापडी ससा, अशी सोंगे मग मैदानात उभी राहू लागली.

सोंगाच्या कैवाऱ्यांचे म्हणणे असे की, कायोटी मोकळ्या माळावर येतो तेव्हा आवाजाच्या जागी काहीच न दिसल्यास तो थबकतो. सोंग दिसले म्हणजे त्याची शंका फिटते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची नजर शिकाऱ्यावरून हटते. विरोधकांचे म्हणणेही खोटे नाही. कायोटी सरळ येत नाही. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि नाकाने खात्री करून घेतो. सोंगाला माणसाच्या हाताचा वास असला, किंवा ओरडणारा ससा दगडासारखा निश्चल दिसला, की आलेला कायोटी आल्या पावली परततो. दाट झुडपांत तर सोंग दिसतच नाही. ते मांडण्यासाठी केलेली पायपीट मात्र आपला वास मागे ठेवून जाते.

दोन्ही पक्ष अनुभवाने बोलतात. मग खरे कोणाचे? याचा निर्णय कायोटीच्या माळावर बसून होण्यासारखा नाही. त्यासाठी सोंगाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

अमेरिकेतच नेवाडा प्रांतात लव्हलॉक नावाची एक गुहा आहे. 1924 साली तेथील उत्खननात लव्हाळ्याची बनविलेली अकरा बदके हाती लागली. पुढे कालमापन झाले तेव्हा त्यांचे वय दोन हजार वर्षांच्या आसपास असल्याचे दिसून आले. त्यांतील काहींवर रंग चढविलेला आहे, काहींना खरी पिसे लावलेली आहेत. ही कोणा मुलाची खेळणी नव्हेत. पाण्यावर ती सोडली की आकाशातून जाणारी बदके आपली जात पाहून खाली उतरत. पाणपक्षी थव्याने राहतो. जेथे थवा बसला आहे तेथे निर्भय आहे, असे तो धरून चालतो. लव्हाळ्याच्या बदकाने त्याला अन्न दाखविले नाही, सोबत दाखविली.

आपल्याकडेही ही विद्या अवगत होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ मराठी वाचकांस ठाऊक असतो तो महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात या त्यातील उल्लेखामुळे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील याच ग्रंथात मृगयेचे अनेक प्रकार दिले आहेत आणि माणसाळविलेल्या हरणाकरवी रानातील हरिण जवळ आणण्याचा प्रकारही त्यांत आहे. साडेचार शतकांनंतर अबुल फझलाने 'आईन-इ-अकबरी'त वर्णिलेली रीत तर अधिकच चतुर आहे. पाळीव काळविटाच्या शिंगांना जाळे गुंडाळून त्याला रानात सोडीत. रानातला नर आपल्या प्रदेशात आलेल्या या परक्यावर चालून जाई आणि शिंगे भिडताच जाळ्यात अडके. येथे सोंगाने सोबत दाखविली नाही, वैर दाखविले.

त्याच ग्रंथात पाणपक्ष्यांच्या शिकारीची एक युक्ती आहे. पक्ष्याचे कातडे, पंख, चोच आणि शेपटी यांचे पोकळ सोंग करून शिकारी त्यात आपले डोके घाली, गळ्यापर्यंत पाण्यात उतरे आणि हळूहळू थव्याजवळ जाऊन एकेक पक्षी पाण्याखाली ओढी. अबुल फझल प्रामाणिकपणे हेही नमूद करतो की, पक्षी कधी कधी सावध होतात आणि उडून जातात. या छोट्या नोंदीत आमच्या मते सगळ्या वादाचे मर्म आहे.

युरोपात याच सुमारास एक वेगळाच प्रकार रूढ होत होता. इंग्रजीतील 'डिकॉय' हा शब्द डच भाषेतून आला आणि त्याचे मूळ पिंजरा या अर्थाच्या शब्दात आहे. तळ्याला जोडून वाकडा, निमुळता होत जाणारा चर खणीत, त्यावर कमानी उभारून जाळे पसरीत आणि काठाने बोरूचे आडोसे लावीत. एक कुत्रा, बहुधा खोकडासारखा तांबूस, त्या आडोशांतून क्षणभर दिसे आणि पुन्हा लपे. बदके भिऊन पळावयाची, ती उलट त्याच्या मागे मागे चरात शिरत. शत्रू डोळ्यांसमोर आहे आणि दूर जात आहे, असे दिसले की त्याच्यावर नजर ठेवण्याचा मोह त्यांना आवरत नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने लंडनच्या सेंट जेम्स उद्यानात असे एक तळे करविले होते.

सोबत, वैर आणि कुतूहल असे तीन हेतू येथे दिसतात, आणि तिन्ही ठिकाणी सोंग उपयोगी पडते. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. सोंग आपल्या हुबेहूबपणाने चालत नाही. ते पाहणाऱ्याच्या गरजेने चालते. आपल्याच इतिहासातला दाखला घ्यावयाचा तर भाऊसाहेबांच्या तोतयाचा घ्यावा. 1761 साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते परत येतील ही आशा अनेकांच्या मनात जिवंत होती. म्हणूनच तोतयाचे बंड पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिले आणि 1776 साली त्याच्या देहान्ताबरोबरच शमले. तोतयाचे अर्धे काम त्याच्या चेहऱ्याने केले असेल; उरलेले अर्धे पाहणाऱ्यांच्या शोकाने केले.

गरज प्रबळ असली आणि संशय नसला, म्हणजे सोंग किती उपयोगी पडते, याचे सर्वांत दारुण उदाहरण पुन्हा अमेरिकेतच मिळते. प्रवासी कबुतर नावाचा पक्षी तेथे अब्जावधींच्या संख्येने होता. पारधी एका कबुतराच्या पापण्या शिवून त्याला हलत्या बैठकीवर बांधीत. बैठक खाली झाली की ते पंख फडफडवी आणि वरून जाणारा थवा, आपला सोबती दाण्यावर उतरला असे समजून, जाळ्यावर झेप घेई. इंग्रजीत खबऱ्याला जे 'स्टूल पिजन' म्हणतात, ते या दुर्दैवी पक्ष्याचेच नाव मानले जाते. बंदुका, जाळी, आगगाडी आणि तारायंत्र या सर्वांनी मिळून त्या पक्ष्याचा नाश केला. 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्याच्या जातीतील अखेरची मादी मरण पावली. सोंग इतके यशस्वी झाले की, फसविण्यास कोणी उरले नाही! पुढे बदकांचीही तीच गत होते की काय, असे भय उत्पन्न झाले, तेव्हा 1935 साली अमेरिकी सरकारने स्थलांतरी पाणपक्ष्यांच्या शिकारीत जिवंत पक्षी भुलावणीस ठेवण्याची मनाई केली. लाकडी बदकास मुभा राहिली. जिवंत बदकास नाही. सोंग फार उपयोगी पडते म्हणून ते बंद करावे लागले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आता कायोटीकडे वळू. त्याच्या नशिबीही निर्वंशच लिहिला होता, आणि तो सरकारी शाईने. 1915 साली अमेरिकी काँग्रेसने हिंस्र श्वापदांच्या निर्मूलनासाठी पैसा मंजूर केला. 1931 साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. पगारी शिकारी नेमले गेले, सापळे लागले, स्ट्रिक्नीन पेरले गेले आणि 1940 नंतरच्या दशकात त्याहून जहाल विष आले. अॅडॉल्फ म्युरी या शास्त्रज्ञाने यलोस्टोन उद्यानातील कायोटीचा अभ्यास 1940 साली प्रसिद्ध केला आणि मोठ्या तृणभक्षी प्राण्यांच्या ऱ्हासाचे खापर त्याच्यावर फोडणे बरोबर नाही, असे दाखविले. तरी मोहीम चालूच राहिली. 1972 साली अध्यक्ष निक्सन यांनी संघराज्याच्या जमिनींवर अशी विषे वापरण्यास बंदी घातली.

या सर्व काळात लांडगा बहुतेक प्रदेशांतून नाहीसा झाला. कायोटी मात्र पश्चिमेची मैदाने सोडून पूर्वेच्या समुद्रापर्यंत पोहोचला. हवाई वगळता अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आज तो आढळतो. शिकागोसारख्या महानगरातही त्याची वस्ती आहे. लांडगे गेल्याने रान मोकळे झाले आणि जंगले तुटल्याने त्याच्या सोयीची भूमी वाढली, हे खरेच. परंतु जगण्यासाठी जे शिकावे लागते ते शिकण्याची त्याची तयारी, हेही एक कारण होय. कबुतराच्या थव्यातून जो वाचला, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा थव्याबरोबर उतरला. एकदा फसून निसटलेला कायोटी त्या आवाजाला आणि त्या आकृतीला पुन्हा सहजासहजी भुलत नाही. अशा प्राण्यापुढे मांडलेले निष्फळ सोंग नुसते वाया जात नाही. ते त्याला शहाणे करून सोडते.

तरीही कायोटीपुढे एक सोंग चांगलेच चालते, आणि ते म्हणजे जिवंत कुत्रा. वसंताच्या अखेरीस कायोटीची पिले बिळात असतात. त्या दिवसांत शिकविलेला कुत्रा बिळाच्या प्रदेशात शिरला की नर-मादी त्याला हाकलण्यासाठी धावून येतात. कुत्रा धन्याकडे पळतो आणि ती दोघे सावधपणा विसरून त्याच्यामागे बंदुकीच्या टप्प्यात येतात. एरवी शंभर शंका काढणारा प्राणी येथे एकही काढत नाही. कारण उघड आहे. अपत्यरक्षण ही त्याची सर्वांत मोठी गरज, आणि कुत्रा हा खरोखरीच परका आहे. येथे सोंग असे उरतच नाही. मेंढपाळाचा कळप वाचावा म्हणून ही युक्ती योजतात, हे आम्ही जाणतो. तथापि सावजाच्या दुबळेपणावर बेतलेली युक्ती आणि त्याच्या वात्सल्यावर बेतलेली युक्ती यांत अंतर आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

याउलट, कुमाऊंच्या रानात नोव्हेंबर 1938 मध्ये जिम कॉर्बेटने ठाकच्या नरभक्षक वाघिणीला नुसत्या सादेने बोलाविले. जोडीदाराच्या शोधात फिरणाऱ्या तिच्या डरकाळीस त्याने नर वाघाच्या आवाजात उत्तर दिले आणि दिवस मावळता मावळता ती समोर आली. तेथे कोणतेही सोंग उभे नव्हते. न दिसणाऱ्याला पाहण्यासाठीच ती आली होती. जे दिसत नाही, त्याचे रूप मन आपणच रेखाटते आणि ते कोणाही कारागिराच्या हातापेक्षा अधिक हुबेहूब असते.

तेव्हा सोंग उपयोगी की अपायकारक, या प्रश्नाचे इतिहासाने दिलेले उत्तर आम्हांस असे दिसते. साद गरजेला हाक मारते, सोंग तिला पुरावा देते. गरज मोठी आणि संशय थोडा असेल तेथे सोंग काम करते. इतके, की कधी शिकाऱ्याचे रानच रिकामे करून टाकते. संशय जागा झालेला असेल तेथे तेच सोंग तपासाला विषय पुरविते, आणि तपासात टिकणारी सोंगे फार थोडी. भुकेल्या हिवाळ्यातला तरुण कायोटी गोंड्यावर झेप घेईल. चार हिवाळे पाहिलेला वाऱ्याकडे नाक करून उभा राहील.

1972 च्या कायद्याने आपल्या देशात वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी झाली, आणि साद व सोंग या दोन्ही विद्या येथे आता ग्रंथांत राहिल्या, हे योग्यच झाले. ज्यांच्या पोटाचा आधार त्या विद्या होत्या, त्या पारध्यांचा प्रश्न मात्र ग्रंथात बसणारा नाही. शिकविलेल्या गाईच्या आडून हरणाजवळ जाणारे गायपारधी आणि फासे लावून तित्तर धरणारे फासेपारधी यांची रानाची जाण पिढ्यान्‌पिढ्यांची होती. इंग्रजी अमलात 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविल्या गेलेल्या जमातींच्या यादीत पुढे तेही ओढले गेले. तो कायदा 1952 साली रद्द झाला, तरी संशय रद्द झाला नाही. सावजाने माणसावर संशय घ्यावा यात त्याचे शहाणपण आहे. माणसाने एका संपूर्ण जमातीवर तो पिढ्यान्‌पिढ्या घेत राहावे, याला दुसरे नाव शोधावे लागेल.