वय किती, त्यापेक्षा अंगात बळ किती

कळव्याच्या बचत गटांतून आम्ही बोलतोय. आज कॅन्सरच्या इलाजाचा थोडा इतिहास सांगतो. तो आपल्या घरातल्या आजी-आजोबांच्या कामाचा आहे.

1931 साली मेहेरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढे 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. त्या काळी देशात माणसाचं सरासरी आयुष्य पस्तिशीच्याही आत होतं. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. कॅन्सर वयाबरोबर वाढणारा आजार, त्यामुळे म्हातारे रुग्णही वाढले.

पण औषधांच्या चाचण्या जास्त करून तरुण, धडधाकट रुग्णांवर झालेल्या. मग म्हाताऱ्यांच्या बाबतीत दोन टोकं व्हायची. एक तर 'वय झालं, आता कशाला त्रास' म्हणून इलाजच नको. नाही तर तरुणाला झेपेल तो डोस थकलेल्या शरीराला.

2018 साली टाटा रुग्णालयात वृद्ध रुग्णांसाठी वेगळी ओपीडी सुरू झाली. तिथे नुसतं वय बघत नाहीत. आजी खुर्चीतून उठून किती वेळात चालतात, पडल्या होत्या का, जेवण आणि वजन कमी झालंय का, विसरतात का, गोळ्या किती, घरी बघायला कोण, हे सगळं विचारतात. त्यावरून पूर्ण इलाज, हलका इलाज की नुसता वेदना कमी करणारा, हे ठरवायला मदत होते. पंचाहत्तरीची काटक बाई इलाज सोसते, साठीची खंगलेली कोलमडते.

कळव्याहून परळ म्हणजे स्लो लोकल, गर्दी आणि पुलाचे जिने. थकलेल्या माणसाची निम्मी ताकद तिथेच जाते, मग फेऱ्या चुकतात. म्हणून डॉक्टरांना विचारा: रक्ततपासणी, बीपी-शुगर इथेच, छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात केली तर चालेल का? लांबून येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. 2024 पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या इलाजाची सोय आहे.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं वजन, पडणं, भूक आणि चालू गोळ्या वहीत लिहून आणा. आणि इलाज हवा की नको, हे आधी त्यांनाच विचारा.