पितरांचे काय? : नगरच्या सेमिनरीची वाटचाल

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की नगरकडच्या खेड्यांत कावळ्यांची चैन असते. घराघरांतून पितरांचा घास निघतो. ख्रिस्ती झालेल्या घरातून तो निघेनासा होतो. पण घास बंद झाला म्हणून माणूस बापाला थोडाच विसरतो? बाप गेला, आजा गेला, दोघांच्याही कानांवर ख्रिस्ताचे नाव कधी पडले नव्हते. मग पाळकसाहेब, त्यांचे काय?

एकोणिसाव्या शतकात बोस्टनहून निघणाऱ्या मिशनऱ्याच्या शिदोरीत ह्याचे उत्तर तयार बांधून दिलेले असे, आणि ते कडक होते. जिवंतपणी मिळेल तीच मुदत; डोळे मिटले की निकाल लागला. नगरच्या सेमिनरीत शिकवणाऱ्या एका गुरुजींना हे उत्तर गिळता आले नाही. 1886 साली त्यांनी मायदेशी जाऊन तसे बोलूनही दाखवले, आणि त्यांचे नगरला परतणेच अडकून पडले. गुरुजींचे नाव रॉबर्ट ॲलन ह्यूम. पण त्यांच्यापर्यंत पोचायला थोडे मागे जावे लागेल.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत उतरले. नगरला ठाणे पडले ते 1831 च्या डिसेंबरात. ॲलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड, विल्यम हार्वे हे तिघे अमेरिकन आणि त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण. हार्वे 1832 मध्ये पटकीने गेले, बाबाजी 1833 मध्ये. रीडने पुढे बाबाजीचे चरित्र दोन भागांत लिहिले. ते 1836 साली न्यूयॉर्कला छापले गेले. नगरच्या मातीत गेलेल्या माणसाची गोष्ट न्यूयॉर्ककरांनी आधी वाचली आणि नगरकरांनी अजून नीट वाचलेली नाही, ही आपली जुनी तऱ्हा.

1833 मध्ये नगरला मंडळी स्थापन झाली. पहिल्या सभासदांत धर्मशाळेच्या आश्रयाला आलेली गरीब, पंगू माणसे होती. सहा वर्षांनी, 1839 साली, हरिपंत आणि नारायण हे खिस्ती आडनावाचे बंधू आले. ब्राह्मण. पुढे रामकृष्णपंत मोडक आले, तेही ब्राह्मण. आता प्रभुभोजनाचा पेला एकच. महाराच्या ओठांना लागलेला तो पेला ब्राह्मणाने घ्यायचा की नाही? नीतीचा पहिला मोठा प्रश्न नगरच्या मंडळीपुढे आला तो असा, पोथीतून नव्हे, पेल्यातून. तमिळ मुलखातल्या काही लुथरन मंडळ्यांत जातवार बसणे चालवून घेतले जात होते; कलकत्त्याच्या बिशप विल्सन ह्यांनी 1833 मध्ये आपल्या अँग्लिकन मंडळ्यांना ते बंद करायला सांगितले, तर तिकडे मोठी खळबळ उडाली. नगरच्या मिशनने सुरुवातीपासून धरले की जात सोडल्याशिवाय मंडळीत प्रवेश नाही. पेला एकच राहिला. 1854 च्या अखेरीस, मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन नगरला आले असताना, हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक ह्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

नीतीचा प्रश्न म्हणालो, तेव्हा इथे जरा थांबून शब्दाचा घोळ निस्तरतो. 'मॉरल थिऑलॉजी'ला मराठीत कुणी ख्रिस्ती नीतिशास्त्र म्हणतो, कुणी नैतिक ईशज्ञान. दोन्ही शब्द बरोबर आणि दोन्ही अपुरे, कारण वस्तूच परंपरेगणिक बदलते. रोमन कॅथलिकांत तो पाळकांच्या शिक्षणातला स्वतंत्र विषय. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या परिषदेनंतर सेमिनऱ्या निघाल्या, पापकबुली ऐकायला बसणाऱ्या धर्मगुरूला कोणते पाप किती जड हे शिकवावे लागले, त्यातून ह्या विषयाचे जाडजूड ग्रंथ झाले. अठराव्या शतकातले आल्फोन्सस लिगोरी हे त्यातले थोर नाव. 1950 साली पोपने त्यांना पापकबुली ऐकणाऱ्यांचे आणि नीतिशास्त्र्यांचे आश्रयदाते संत ठरवले. अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल पंथाचे. त्यांच्यात ना कबुलीचा पडदा, ना वरून आज्ञा देणारा बिशप. पाप कोणते आणि त्याला काय करायचे, हे मंडळीने एकत्र बसून ठरवायचे. समज द्यायची, नाही ऐकले तर प्रभुभोजनापासून दूर ठेवायचे, पश्चात्ताप दिसला की परत घ्यायचे.

आपल्या खेडुतांना ही रीत नवी वाटली नसणार. पंच बसतात, वाळीत टाकतात, पुन्हा जातीत घेतात, हे ते पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले होते. माझे तर असे मत आहे की न्यू इंग्लंडची मंडळी नगर जिल्ह्यात रुजली ती जातपंचायतीच्या आळ्यात. त्यातून काही गुण आले, काही खोडीही आल्या.

प्रश्नही इथलेच होते. येसकरपाळी, म्हणजे महारांची गावकामाची पाळी, रविवारी आली तर? गावची जत्रा आहे, वाजवायला बोलावले आहे, नाही म्हटले तर बलुते तुटते, जायचे का? मेलेले ढोर ओढणे हे काम म्हणून करायचे आणि मांस मात्र नाकारायचे, असे जमेल का? दोन बायकांचा दादला बाप्तिस्मा मागायला आला तर त्याने कुणाला घराबाहेर काढायचे? ह्या शेवटच्या प्रश्नावर मिशनऱ्यांत बरीच भवति न भवति झाली. अमेरिकन मराठी मिशनचेच डेव्हिड ॲलन ह्यांनी 1856 च्या आपल्या हिंदुस्थानावरील पुस्तकात मत दिले की लग्ने आधी रीतसर झाली असतील तर एका बायकोला टाकून देणे हाच अधर्म होईल. बोस्टनच्या अनेकांना ते रुचणारे नव्हते. पण ॲलन ह्यांनी आयुष्याची बरीच वर्षे मुंबई इलाख्यात काढली होती आणि टाकलेल्या बाईचे इथे काय होते ते पाहिले होते.

बायकांविषयी बोलताना सिंथिया फॅरार बाईंना ओलांडून जाता येत नाही. 1827 मध्ये त्या मुंबईत आल्या, 1839 मध्ये नगरला, आणि 1862 मध्ये इथेच वारल्या. मुलींची शाळा हा त्यांच्या लेखी नीतीचा प्रश्न होता. ती शाळा बघायला जोतीराव फुले नगरला आले आणि 1848 साली त्यांनी पुण्यात आपली शाळा काढली; त्या भेटीची कहाणी आता सर्वांना ठाऊक आहे. मिशनचे 'ज्ञानोदय'ही 1842 च्या जूनमध्ये नगरलाच निघाले, पुढे मुंबईला गेले.

आता सेमिनरी. 1876 ते 78 चा दुष्काळ पडला. खडी फोडायच्या कामांवर माणसे आली, भुकेने आली, आणि दुष्काळ सरता सरता बाप्तिस्मा मागणाऱ्यांची रीघ लागली. हा प्रश्न तर सर्वांत अवघड. भुकेल्याचा विश्वास खरा मानायचा का? ताबडतोब बाप्तिस्मा द्यावा तर 'पोटासाठी बाटले' हा टोमणा, थांबवावा तर भुकेच्या वेळी जवळ केले आणि पाऊस पडल्यावर दूर लोटले असे होते. इतक्या नव्या मंडळ्या सांभाळायला खेड्यांत राहणारे, मराठीत शिकलेले पाळक हवे होते. 1878 मध्ये नगरची थिऑलॉजिकल सेमिनरी उभी राहिली आणि ती ह्यूमसाहेबांच्या हाती आली.

ह्यूम जन्माने मुंबईकर. 1847 चा जन्म, वडील इथलेच मिशनरी. शिक्षण येल आणि अँडोव्हरला, नगरला आगमन 1874 मध्ये. त्यांचे विद्यार्थी नेवासे, राहुरी, श्रीगोंदे, पारनेर अशा तालुक्यांतून कामाला जायचे. शिकवलेले सारे पुस्तकातून खेड्यात पोचत नसे. कृष्णराव सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची जी वाट 1860 च्या दशकात पाडली होती, ती फार उपयोगी पडली. पूर्वरंगात नीतीचा सिद्धान्त, उत्तररंगात बायबलमधले आख्यान, हाताशी टाळ. तुकोबांच्या कथेतला मंबाजी नाही, पण बायबलातले फरिशी होतेच.

1886 मध्ये ह्यूम रजेवर अमेरिकेला गेले. त्या वेळी तिकडे अँडोव्हरच्या प्राध्यापकांनी एक मत मांडून वादळ उठवले होते. ज्यांना ह्या जन्मी ख्रिस्त कळलाच नाही, त्यांना मरणानंतर देव एक संधी देत असला पाहिजे, असे ते मत. अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ह्यूम त्या बाजूने बोलले. ठाम सिद्धान्त म्हणून नव्हे, पण अशी आशा धरायला जागा असावी एवढे ते म्हणाले. मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव एडमंड ऑल्डेन जुन्या मताचे. त्यांचे म्हणणे, मेल्यावरही संधी असेल तर मिशनरी पाठवायचेच कशाला? बोर्डाने ह्यूम ह्यांच्या परतण्याची मंजुरी रोखली. ऑक्टोबरात डे मॉइन शहरात बोर्डाची वार्षिक सभा झाली, तीत ह्याच विषयावर खडाजंगी उडाली.

दोन्ही बाजूंचे लोक निष्ठावंत होते, हे मान्य करूनही मला ऑल्डेनसाहेबांचा हिशेब कोता वाटतो. न्यू इंग्लंडमध्ये 'न ऐकलेला माणूस' ही एक कल्पना होती. नगरमध्ये तो समोर बसलेल्या विद्यार्थ्याचा आजा होता. तू तर तरलास, पण ज्याने तुला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली तो कायमचा जळतो आहे, असे सांगणारा देव न्यायी कसा, हा प्रश्न तर्काचा नव्हता, नीतीचा होता. देवाला नीतीचे माप लावायचे की देव करील तीच नीती मानायची, ही ह्या शास्त्रातली फार जुनी गाठ. 1887 मध्ये बोर्डाने ह्यूम ह्यांना परत पाठवले. वाद तिकडे चालू राहिला. ह्यूम इकडे सेमिनरीत येऊन पुन्हा शिकवू लागले.

1893 मध्ये ते शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत बोलले. विषय, हिंदू आणि ख्रिस्ती विचार जिथे भेटतात त्या जागा: साम्य कोणते, भेद कोणता. ज्या परिषदेला आपण फक्त विवेकानंदांच्या नावाने ओळखतो, तिच्यात नगरचाही एक वक्ता होता. 1899-1900 च्या दुष्काळात त्यांनी अनाथ पोरांसाठी आणि उपाशी गावांसाठी केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. 1905 मध्ये 'मिशन्स फ्रॉम द मॉडर्न व्ह्यू' हे त्यांचे पुस्तक निघाले. 1929 साली ते अमेरिकेत वारले.

सेमिनरीत ह्यूम ह्यांच्या जोडीला एक अस्सल मराठी शिक्षक आला तो 1895 नंतर. नारायण वामन टिळक. त्या वर्षीच्या 10 फेब्रुवारीला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला न सांगता. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. धर्मांतर केलेल्याला जोडीदार सोडून गेला तर विवाह मोडून घेण्याची सोय 1866 च्या कायद्याने केलेली होती. त्यातही कोर्टाने वर्षभर वाट पाहायची होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. काही काळ दोघे वेगळे राहिले, मग एका घरात आले पण बाईंचे सोवळे चालूच. 1900 साली राहुरीला त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची आत्मकथा 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, रडतो. पण विवेकबुद्धीवर जबरदस्ती करायची नाही हा नीतिशास्त्रातला धडा इतका घरगुती करून दुसऱ्या कुणी लिहिलेला मला माहीत नाही.

टिळक 1904 मध्ये दीक्षित पाळक झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ज्या मुलखात ज्ञानेश्वरी सांगितली गेली तिथे ख्रिस्ती नीती अभंगातून शिकवायची नाही तर कशातून? शेवटी मिशनचा पगारही त्यांना जड झाला. 1917 मध्ये तो सोडून ते संन्यासी वृत्तीने बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही शिष्य चालत. पेल्यापाशी सुरू झालेली आत कोण आणि बाहेर कोण ही विचारणा पितरांवरून फिरून दरबाराच्या दारात येऊन ठेपली होती. 1919 च्या 9 मे रोजी टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

जिल्ह्यात धर्मनीती शिकवणारे एकटे मिशनवाले नव्हतेच. इंग्लंडच्या अँग्लिकनांची एस. पी. जी. संस्था आणि जेझुइट फादर एकाच तालुक्यात फिरत. इकडे शिस्त लागलेला माणूस तिकडे जाऊन बसे, ही पाळकांची जुनी डोकेदुखी. आणि ख्रिस्त्यांबाहेरही हे शिक्षण चालू होते: पाथर्डीला 1936 मध्ये जैन मुनी आनंदऋषीजींच्या प्रेरणेने स्थानकवासी जैनांचे धार्मिक परीक्षा बोर्ड निघाले. साधूंची महाव्रते आणि श्रावकांची अणुव्रते तिथे रीतसर प्रश्नपत्रिकेत उतरली. एकाच व्रताची साधूला एक आणि संसाऱ्याला दुसरी पायरी, ही जैनांची रचना आमच्या पंचांनी पाहिली असती तर येसकरपाळीचा निकाल कदाचित सोपा झाला असता.

1947 मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनी अहमदनगर कॉलेज काढले. 1970 मध्ये मिशनच्या मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. आता तर जिल्ह्याचे नावही अहिल्यानगर आहे.

ह्यूमसाहेबांची पुस्तके इंग्रजीत होती, ती अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी जपली. टिळक लोकांच्या ओठांवर राहिले. पेल्याचे, पाळीचे, दोन बायकांचे जे निर्णय खेड्यातल्या पंचांनी कंदिलाच्या उजेडात केले, ते असतील तर मंडळ्यांच्या मराठी वह्यांतच. तुमच्या गावच्या देवळाच्या कपाटात, पाळक आजोबांच्या ट्रंकेत किंवा माळ्यावर अशी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. आधी उन्हात झटका, मग निदान मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवा. पावसाळ्याच्या आत.