डोंगराच्या रंगाचे कापड : हायलँड्समधील शिकार, लोकर आणि जमीन

एकोणिसाव्या शतकातील एखाद्या हिवाळी सकाळी, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील हायलँड्स या डोंगराळ मुलखात, हरणाच्या मागावर निघालेला माणूस कसा दिसत असेल? खरे तर तो दिसूच नये, हीच त्याच्या पोशाखाची पहिली अट होती. ती अट ट्वीड या लोकरी कापडाने पुरी केली. हे कापड कोणी निवडले, कोणी विणले आणि कोणाच्या अंगावर चढवले, यांची उत्तरे मात्र तीन निरनिराळ्या माणसांकडे जातात.

आधी शिकारीची रीत. हायलँड्समधले तांबडे हरीण म्हणजे आपल्या सांबराचा दूरचा आप्त. उघड्या माळावर त्याला माणसाचा वास फार लांबून येतो, हालचालही चटकन टिपता येते. म्हणून वाऱ्याची दिशा पाहून, दुर्बिणीने कळप हेरून, ओढ्याच्या पात्रातून आणि ओल्या झुडपांतून पोटावर सरपटत त्याच्या जवळ जावे लागते. चढ चढताना घामाने अंग भिजते. ओढ्यात उरलेसुरले भिजते. आणि मग नेमक्या त्याच ओल्या अंगाने, बोचऱ्या वाऱ्यात, हरीण वळेपर्यंत निश्चल पडून राहावे लागते. थंडीतल्या शिकारीची खरी परीक्षा चालण्यात नसते, या पडून राहण्यात असते.

सुती कापड इथे घात करते. ते पाणी शोषते, अंगाला चिकटते आणि शरीराची ऊब झपाट्याने काढून घेते. लोकरीचे तसे नाही. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा असतो, त्यामुळे विणलेल्या कापडात हवेचे असंख्य बारीक कप्पे राहतात आणि ऊब त्या हवेत साठते. हा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ पोटात घेऊनही हाताला ओला लागत नाही. उलट, ओल शोषताना तो थोडी उष्णता बाहेर टाकतो. मेंढीच्या अंगचा मेणासारखा स्निग्धांश शिल्लक असेल, तर पावसाचे थेंब वरच्या वर ओघळतात. शिवाय लोकर आवाज करत नाही. काट्याला घासले तरी ती मेणकापडासारखी सळसळत नाही, आणि हरणाच्या कानांपुढे हा गुण उबेइतकाच मोलाचा.

यातले पदार्थविज्ञान पुढे कळले. अनुभव फार जुना होता. मृगाच्या पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे उभ्या असलेल्या धनगराला तो कोणी समजावून सांगावा लागत नाही. घोंगडी विणण्यापूर्वी धाग्यांना चिंचोक्याची खळ देतात. तिकडे विणलेले कापड ओले करून कुटतात. रीती वेगळ्या, पण वारा अडेल असे घट्ट कापड मिळावे ही गरज एकच.

ट्वीडच्या नावाची एक गंमत सांगितली जाते. तिरप्या रेघांच्या विणीला, म्हणजे ट्विलला, स्कॉटलंडच्या बोलीत 'ट्वील' म्हणत. १८३०च्या आसपास लंडनच्या एका व्यापाऱ्याने पत्रातला हा शब्द चुकून 'ट्वीड' असा वाचला. त्या नावाची नदी स्कॉटलंडच्या सीमेवर वाहतेच, त्यामुळे चूक खपून गेली आणि कापडाचे नाव ठरले.

हायलँड्सचा मूळ लोकरी पोशाख याहून जुना होता. प्लेड म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचे लांबरुंद लोकरी वस्त्र. दिवसा तेच नेसायचे, रात्री डोंगरात तेच पांघरून झोपायचे. एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइटांचे बंड मोडले गेले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून हायलँड्समधील पुरुषांना हा पोशाख वापरण्यास बंदी केली. सूट होती ती फक्त सैन्यात भरती झालेल्यांना. १७८२ मध्ये बंदी उठली. तोवर एक पिढी उलटली होती.

पुढचा घाव मेंढ्यांनी घातला. म्हणजे मेंढ्या निमित्त, हात जमीनदारांचे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिणेकडच्या शेव्हिएट जातीच्या मेंढ्या उत्तरेत आणल्या गेल्या. लहान कुळांच्या खंडापेक्षा मेंढपाळीचा खंड कितीतरी अधिक येत असे. मग खोरीच्या खोरी रिकामी करण्यात आली. सदरलंड इस्टेटीतील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ साली कुळांची घरे जाळली गेली. त्या प्रकरणी पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये इन्व्हर्नेस येथे खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. माणसे समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर गेली किंवा बोटीने कॅनडाला. त्यांच्या शेतांवर लोकर वाढू लागली.

ही लोकरही फार काळ टिकली नाही. १८७०नंतर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची स्वस्त लोकर ब्रिटनमध्ये येऊन थडकली, डोंगरी मेंढपाळी तोट्यात गेली आणि जमीनदारांनी तोच डोंगर शिकारीसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली. अशा राखीव मुलखाला 'डिअर फॉरेस्ट' म्हणत. नाव अरण्याचे, पण बहुतेक ठिकाणी झाड औषधाला नाही. १९१२च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे ३५ लाख एकरांवर गेले होते. हरणांसाठी माणसे हुसकली असे सरसकट विधान पुष्कळदा केले जाते. ते तितकेसे अचूक नाही. बहुतेक ठिकाणी माणसे आधीच मेंढ्यांसाठी हुसकली गेली होती आणि हरणांनी मेंढ्यांची जागा घेतली. मात्र हरणे आल्यावर माणसांना परत येण्याची वाटही बंद झाली.

भाड्याने डोंगर घेणाऱ्यांत इंग्लंडचे उमराव होते, गिरणीमालकही होते. त्यांना हायलँड्समधील घराण्यांप्रमाणे वंशपरंपरेचे टार्टन नव्हते. तेव्हा नोकरांना एकसारखे कपडे द्यावेत आणि ते त्या त्या डोंगरात मिसळून जातील असे असावेत, या दुहेरी हिशेबातून 'इस्टेट ट्वीड' जन्मले. त्यातले अगदी आरंभीचे ग्लेनफेशी इस्टेटीचे. मेंढपाळांच्या काळ्या-पांढऱ्या चौकटीवर तांबडी रेघ ओढली, की झाले ग्लेनफेशी. ही चौकट मुळात दक्षिणेकडील सीमाभागातल्या मेंढपाळांची; मेंढ्यांबरोबर तेच उत्तरेत आले होते. म्हणजे ज्यांच्या येण्याने खोरी ओस पडली, त्यांच्याच पांघरुणाची नक्षी शिकारी नोकरांच्या अंगावर आली.

व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी १८४८ मध्ये बाल्मोरल भाड्याने घेतले आणि १८५२ मध्ये विकत घेतले. अल्बर्टने तिथल्यासाठी स्वतः ट्वीड आखले. गडद निळा आणि पांढरा धागा, त्यात किरमिजी रंगाचे शिंतोडे. हातात धरले तर कापड बरेच भडक वाटेल. लांबून पाहिले तर ॲबरडीनशायरच्या ग्रॅनाइटसारखे करडे दिसते. लॉव्हट घराण्याच्या ट्वीडची कथाही अशीच आहे. १८४५च्या सुमारास लॉर्ड लॉव्हटने मोरार सरोवरापलीकडच्या उतारावरचे रंग पाहिले आणि तेच धाग्यात मिसळायला सांगितले. एकच हिरवा रंग डोंगरावर ठिगळासारखा उठून दिसतो; अनेक रंगांची लोकर आधी पिंजून एकत्र केली आणि मग सूत कातले, तर कापडाला डोंगराची पोत येते. सैनिकी छद्मवेशाचे शास्त्र जन्मण्यापूर्वी ही समज शिकारी इस्टेटींवर वापरात होती.

पण हे कापड एकाच वेळी लपवतही होते आणि ओळखही पटवत होते. हरणापासून लपवायचे, माणसांना मात्र, हा अमुक इस्टेटीचा नोकर, हे लांबूनच कळायचे. हरणाचा माग काढणारा तो स्टॉकर, त्याचा मदतनीस तो गिली. या दोघांना पगाराच्या जोडीला दरवर्षी ट्वीडचा एक सूट मिळत असे. कोणते कापड अंगावर घ्यायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. त्यात अभिमान नव्हता असे नाही. रोकड मजुरीच्या मोजक्या नोकऱ्यांपैकी ही एक, आणि डोंगराचे ज्ञान तर सर्वस्वी त्यांचेच. आणखी एक तपशील चित्रांतून सुटतो. धनिक पाहुणे ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत शिंगाळ्या नरांची शिकार करत आणि परतत. कळपाची संख्या मर्यादेत ठेवण्यासाठी माद्या मारायचे काम त्यानंतर, ऐन हिवाळ्यात, स्टॉकरकडे असे. थंडीतली शिकार जिला म्हणावी, ती बहुतांशी पगारी माणसांची होती.

हे कापड विणणारे हात आणखी पश्चिमेला, हेब्रिडीज बेटांवर होते. हॅरिस हा भाग १८३४ मध्ये डनमोरच्या अर्लने विकत घेतला होता. १८४६ मध्ये त्याच्या विधवा सुनेने, लेडी डनमोर यांनी, घराण्याचे मरे टार्टन हॅरिसच्या विणकरांकडून ट्वीडमध्ये उतरवून घेतले. ते वापरले गेले ते इस्टेटीच्या शिकार-रक्षकांच्या आणि गिलींच्या कपड्यांसाठी. वर्ष ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी बटाट्यावरील रोगाने हायलँड्स आणि बेटांवर दुष्काळ कोसळला होता. लेडी डनमोर यांनी हे कापड उमराव स्नेह्यांमध्ये खपवले आणि अनेक घरांना त्याचा आधार झाला, हे खरे. त्या घरांच्या पोटापाण्यासाठी शिकारी पाहुण्यांची हौस लागावी, हेही तितकेच खरे.

काम मुख्यतः घरगुती आणि बरेचसे स्त्रियांचे. लोकर धुणे, पिंजणे, कातणे, रंगवणे. तांबूस-तपकिरी रंग खडकावरच्या क्रॉटल नावाच्या शेवाळसदृश वनस्पतीपासून मिळे. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल याच कुळातले. क्रॉटलने रंगवलेले कपडे समुद्रावर घालू नयेत असा कोळ्यांचा समज होता, कारण जे खडकावरून आले ते पुन्हा खडकाकडे, म्हणजे तळाशी, ओढते. विणून झालेले कापड साठवलेल्या मूत्रात भिजवून, फळीभोवती बसलेल्या बायका गाण्याच्या ठेक्यावर आपटून घट्ट करत. लंडनच्या शिंप्याकडे पोहोचेपर्यंत त्याचा मूळ वास अर्थातच उतरलेला असे.

या साऱ्या व्यवस्थेला तडा गेला तो हॅरिसला जोडूनच असलेल्या लुईसमध्ये. तिथल्या पार्क भागात डिअर फॉरेस्ट होते आणि भोवतीच्या गावांत भूमिहीन कुटुंबांची दाटी. २२ नोव्हेंबर १८८७ रोजी शेकडो गावकरी बंदुका घेऊन, उघडपणे, त्या राखीव मुलखात शिरले. त्यांनी हरणे मारली, शिडाच्या कापडाचे तंबू ठोकले आणि मांस भाजून खाल्ले. डोनाल्ड मॅक्रे हा शाळामास्तर या चळवळीचा एक पुढारी. सरकारने बेटावर सैन्य धाडले. सहा जणांवर जानेवारी १८८८ मध्ये एडिंबरा येथे दंगलीचा खटला चालला आणि ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले. तरी जमीन हरणांकडेच राहिली.

१९०० साली, दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात, चौदाव्या लॉर्ड लॉव्हटने लॉव्हट स्काउट्स ही तुकडी उभारली. तीत आवर्जून घेतलेली माणसे स्टॉकर आणि गिली होती. दुर्बिणीने दूरचा उतार वाचणे, वारा ओळखणे, तासन्‌तास निश्चल पडणे. सारे तेच, फक्त समोर हरीण नव्हते. पहिल्या महायुद्धात याच तुकडीतून निवडक नेमबाजांची पथके निघाली. अंगावर गवत-चिंध्या लावलेला लपण्याचा जो पोशाख आज जगभरचे सैनिक वापरतात, त्याला 'गिली सूट' म्हणतात तो या माणसांवरून.

बेटावरच्या कापडाला १९०९ मध्ये संघटना मिळाली आणि पाठोपाठ गोलाकृती व्यापारचिन्हाचा ठसा. १९९३ च्या ब्रिटिश कायद्याने त्याची व्याख्याही पक्की केली: बाहेरील हेब्रिडीज बेटांवर रंगवलेल्या आणि कातलेल्या शुद्ध नव्या लोकरीचे, तिथल्या रहिवाशांनी आपल्या घरी हाताने विणलेले आणि तिथेच अंतिम संस्कार झालेले, तेच हॅरिस ट्वीड. हायलँड्समधील अनेक इस्टेटी आजही आपापले ट्वीड ठराविक गिरण्यांतून विणून घेतात, आणि ऑक्टोबर सरला की स्टॉकर ते अंगावर चढवून माद्यांच्या मागावर निघतात.