पोटात वाढला नाही, म्हणून गणितात कच्चा?

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. ‘मी पूर्ण दिवसांचा, पण वजन फक्त सव्वादोन किलो. घरी अजून म्हणतात, पोटात वाढलाच नाही, म्हणून गणितात कच्चा. खरं असतं का हो हे?’

प्रश्न डॉक्टरांचा आहे, मी पडलो इतिहासवाला. पण या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि तो थेट पुण्यापर्यंत येतो.

मुळात ‘पोटात न वाढणं’ ही गोष्ट वैद्यकशास्त्र बराच काळ वेगळी मोजतच नव्हतं. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्पो यांनी अडीच किलोची रेघ ओढली होती. १९४८ साली जागतिक आरोग्य सभेनं तीच धरली: अडीच किलो किंवा त्याहून कमी, म्हणजे बाळ अकाली जन्मलेलं. सातव्या महिन्यात झालेलं बाळ आणि नऊ महिने भरून झालेलं किडकिडीत बाळ, दोघंही एकाच खात्यात! एखाद्या जुन्या सुईणीला हे सांगितलं असतं, तर ती हसली असती असं मला वाटतं.

१९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं ‘अकाली’ सोडून ‘कमी वजनाचं’ हा शब्द घेतला. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉ. लुला लुबचेंको आणि सहकाऱ्यांनी पाच हजारांहून जास्त बाळांच्या वजनांचा आठवड्यागणिक तक्ता छापला. मग निकष रूढ झाला तो असा: एकाच आठवड्याची शंभर बाळं वजनानं ओळीत लावा, सगळ्यात हलकी दहा ती ‘दिवसांच्या मानानं लहान’. (डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटर उंचावर आहे आणि उंचावर बाळं जरा हलकीच होतात. त्यामुळे या तक्त्यावर टीकाही झाली.)

आता पुणे. १९८७ ते १९८९ या काळात केईएम रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी पाठपुरावा सुरू केला. एक-दोन वर्षं नाही, मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत! घरं बदलतात, पत्ते हरवतात, पालक कंटाळतात. तरी हे काम टिकलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९.५ आला, आणि तुलनेसाठी घेतलेल्या, पूर्ण दिवसांच्या नेहमीच्या वजनाच्या मुलांचा ९७.२. सगळ्यात खाली, ८५.४ वर, होती ती दिवसही कमी आणि त्या दिवसांच्या मानानंही लहान अशी मुलं. लिहिण्यात आणि गणितात अडचणीही दिसल्या. म्हणजे घरचे म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही. पण नीट बघा: ८९.५ हा आकडा सर्वसाधारण पट्ट्यातलाच आहे. शिवाय ही दोन गटांची सरासरी. हलक्या गटातली कितीतरी मुलं दुसऱ्या गटातल्या मुलांच्या पुढे असणारच. घरची परिस्थिती आणि आईचं शिक्षण यांचाही निकालाशी संबंध असतो, हे अशा अभ्यासांत वारंवार दिसलंय. त्यामुळे एका मुलाचे गणिताचे मार्क त्याच्या जन्माच्या वजनावरून कुणालाच सांगता येत नाहीत.

आणि वजनाचा काटा सगळं सांगतो का? त्यासाठी नेदरलँड्सला जावं लागेल. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातल्या पश्चिम भागात अन्न तुटलं, शहरांतलं रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेलं. तेव्हा शेवटचे महिने चालू असलेल्या बायकांची बाळं हलकी जन्मली. ती मुलं एकोणीस वर्षांची झाल्यावर लष्करी भरतीच्या तपासणीला आली, बुद्धीच्या चाचण्या झाल्या. झेना स्टाइन आणि मर्विन ससर यांच्या गटानं सव्वा लाख तरुणांच्या नोंदी पाहून १९७२ मध्ये निष्कर्ष छापला: पोटात असताना सोसलेल्या उपासमारीचा बुद्धीवर परिणाम दिसत नाही. अर्थात, तिथली उपासमार काही महिन्यांची होती. आधी आणि नंतर त्या घरांत खायला होतं. आपल्याकडे कितीतरी आयांची उपासमार त्या स्वतः लहान असल्यापासूनच सुरू झालेली असते.

गोष्ट इथेही संपली नाही. २०१० मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी, त्याच काळात जन्मलेली माणसं साठीच्या जवळ आल्यावर, त्यांची लक्ष एकाग्र ठेवण्याची चाचणी घेतली. त्यात मागे पडली ती गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत उपासमार सोसलेल्या आयांची मुलं. त्यांची जन्माची वजनं मात्र नेहमीसारखीच होती.